निरोपाची पंगत आणि गणिताच्या सरांचा रोजा

आमचे मुख्याध्यापक निवृत्त होत होते आणि निरोपाचं जेवण ठरलं भर दुपारी, तेही ऐन रमजानात. गणिताच्या सरांचे रोजे चालू होते. पाटोद्याजवळच्या आमच्या शाळेत हे दोघं कितीतरी वर्षं समोरासमोर बसून एकमेकांच्या डब्यातलं खात आलेले. गणिताचे सर म्हणाले, "तुमी बसा सगळे. मी वाढतो की." माझं डोकंच फिरलं. शेवटच्या पंगतीला यांनी वाढपी व्हायचं?

जेवण संध्याकाळी ठेवा म्हणून मी स्टाफरूममध्ये भांडले. बाकीच्यांचा जीव घरी परतायच्या बीडच्या गाडीत अडकलेला. एक मॅडम म्हणाल्या, "सरांसाठी साबुदाण्याची खिचडी करू. उपासाला चालतीच की." रोज्यात पाण्याचा घोटसुद्धा चालत नाही, हे इतकी वर्षं शेजारी बसून यांना ठाऊक नाही! गणिताचे सर हसले. मला हसू येईना. शेवटी मुख्याध्यापकच म्हणाले, "जेवण सांजेला ठेवा. ज्याला गाडी गाठायची त्यानं खुशाल जावं."

त्या दिवशी भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. दोघं-तिघं गेले, बाकीचे थांबले. परतीसाठी आम्ही जीप सांगितली होती. मुख्याध्यापक सकाळपासून जेवले नव्हते. "आज माझाबी रोजा हाय," असं येईल त्याला सांगत होते. मधल्या काळात चहा दोनदा झाला, एक केळंही झालं. आपल्या एकादशीला चालतं, तसंच इथंही चालत असणार, असा त्यांचा हिशोब. गणिताच्या सरांनी सगळं पाहिलं, पण चकार शब्द काढला नाही.

दिवस मावळला, गावातल्या मशिदीतून अजान आली. गणिताच्या सरांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायलं आणि दुसरा खजूर मुख्याध्यापकांपुढे धरला. तोवर कुणीतरी मुख्याध्यापकांच्या कानात चहा-केळ्यानं रोजा मोडतो, हे सांगितलं होतं. ते ओशाळले. "राहू द्या सर. माझा रोजा काय खरा न्हाई."

"खरा-खोटा मी काहून बघू?" गणिताचे सर म्हणाले. "ईद झाली की माझा डबा सुरू होईल, सर. तवा समोर कोण बसणार हाय?"

मुख्याध्यापकांनी खजूर तोंडात टाकला. मग ते सरांच्या समोरच पानावर बसले.