रोशनीचं एक मिनिट

रोशनी सोनकांबळेविषयी राज्य वेटलिफ्टिंग संघटनेच्या अहवालात एकच ओळ होती: ‘ताकद चांगली, पण मनाने कमकुवत, मोठ्या स्पर्धेस अयोग्य.’ ही ओळ लिहिणाऱ्या सचिवांनी तिला वजन उचलताना उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. ओळ वाचून रोशनीला रडू आलं नाही. कानशिलं तेवढी तापली.

बेगम बाजारात मिरचीच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत ती लहानाची मोठी झाली. वडील संभाजी देगलूरकडून आलेले, आबिड्सच्या पोस्टात कामाला. आई सुशीलाबाई एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची मदतनीस. तेराव्या वर्षी शाळेत वेटलिफ्टिंगचा बार हातात आला आणि बाविसाव्या वर्षी रोशनी राष्ट्रीय स्पर्धेला पोचली. तिथंच ते घडलं.

वेटलिफ्टिंगमध्ये नाव पुकारलं की खेळाडूला एक मिनिट मिळतं. तेवढ्यात बार जमिनीवरून उचलायचा. उचलायच्या तऱ्हा दोन, प्रत्येकीत संधी तीनच, आणि शेवटी दोन्हींची बेरीज. पहिलं वजन हमखास पेलेल असं घ्यायचं, हे प्रत्येक शिक्षक शिकवतो. पहिल्या तऱ्हेसाठी रोशनीचं ठरलं होतं अठ्ठ्याहत्तर किलो. स्पर्धेच्या सकाळी तिचे शिक्षक अरविंद सर खाली मान घालून आले.

“सचिवसाहेब म्हणतात, त्र्याऐंशीनं सुरुवात कर. पदक आलं तरच तुझ्या खेळाडू कोट्यातल्या नोकरीची फाईल पुढं जाईल.”

“सर, त्र्याऐंशी मी सरावात दोनदाच उचललंय.”

“हौ, पण आता कार्डावर लिहिलंय.”

पाठोपाठ सचिव स्वतः आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, वडील पुढच्या वर्षी रिटायर होतायत ना? आज नाही तर कधीच नाही.” ती नाव पुकारायची वाट बघत बसली होती, तोवर ते हे तीनदा म्हणाले.

पहिल्यांदा बार डोक्यामागं पडला. दुसऱ्यांदा कोपर वाकलं. तिसऱ्यांदा तो गुडघ्याच्या वर आलाच नाही. एका तऱ्हेत तिन्ही संधी गेल्या की बेरीज धरतच नाहीत. अंतिम यादीत तिचं नाव सर्वांत खाली आलं आणि बेरजेच्या जागी नुसती रेघ. महिन्याभरानं अहवाल आला आणि संघटनेच्या सराव शिबिरातून तिचं नाव गेलं. वजन बदललं कुणी, याचा अहवालात एक शब्द नव्हता. विचारायला ती कचेरीत गेली, तेव्हा सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले, “घरचं वातावरणच तसं असतं. या मुलींच्यात कॉन्फिडन्स येत नाही.”

‘या मुली’ म्हणजे कोण, हे तिला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. सुशीलाबाईंनी निवडता निवडता मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“मला सांग बाई, त्या एका मिनिटात तुझ्या कानात काय होतं?”

“बाबांचं रिटायर होणं.”

“मग बार कसा उचलणार?” सुशीलाबाईंचा आवाज चढला. “आमच्या थिएटरात चाकू चालू असताना डॉक्टरला कुणी ‘चुकलास तर बघ’ म्हणून दाखवावं. धरून बाहेर काढतील त्याला. ज्यांचे हात थरथरतात असे मोठमोठे डॉक्टर मी बघितलेत. त्यांना कुणी कमकुवत म्हणत नाही. सुरू करायच्या आधी सगळे थांबतात, यादी मोठ्यानं वाचतात. पेशंटचं नाव, कुठली बाजू, कापसाचे बोळे किती. वाचता वाचता हात ठिकाणावर येतो.”

दुसऱ्या दिवशी रोशनीनं सुलतान बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि आपल्या मिनिटाची यादी केली. पावडर. पाय. पकड. समोरच्या भिंतीवरचा एक ठिपका. श्वास सोडणे. उचलणे. सकाळी गोदामासमोर हातगाड्या अडकायच्या, हमाल एकमेकांच्या नावानं ओरडायचे, मिरचीच्या खकाण्यानं शिंकांवर शिंका यायच्या. अशा वेळी ती गच्चीत बारऐवजी काठी घेऊन उभी राहायची आणि यादी पुटपुटायची. शिंक आली की पुन्हा ‘पावडर’पासून. छाती धडधडायची ती धडधडायचीच. पण आता त्या धडधडीत तिला करायला काम होतं.

राग मात्र तसाच होता. तिनं संघटनेला पत्र लिहिलं: पहिलं वजन माझं मी ठरवीन, आणि सरावाच्या खोलीत माझ्याजवळ फक्त शिक्षक थांबतील. सचिव हसले म्हणे. “शून्य घेऊन आली आणि अटी घालते.” उत्तर आलं नाही.

राज्य स्पर्धा सर्वांना खुली होती. रोशनी उतरली. नाव पुकारायला पाच मिनिटं असताना सचिव सरावाच्या खोलीत शिरले.

“बेटा, आज सिद्ध करून दाखव.”

“सर, तुम्ही बाहेर थांबा,” रोशनी म्हणाली.

“मला सांगतेस?”

तिनं अरविंद सरांकडं पाहिलं. मागच्या वर्षी कार्डावर आकडा लिहिणारा हात त्यांचाच होता, आणि त्यानंतर ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते. ते उठले. सचिवांच्या आणि तिच्या मधे उभे राहून म्हणाले, “साहेब, चला. पोरगी कामात आहे.” आणि साहेबांना बाहेर काढून त्यांनी आतून दार लावून घेतलं.

अठ्ठ्याहत्तर गेलं. एक्क्याऐंशी गेलं. चौऱ्याऐंशी पडलं, पण तोवर सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला होता. दिवसाअखेर ती दुसरी आली, आणि पुढं राष्ट्रीय स्पर्धेत चौथी. पदक नाही, नोकरीची फाईल जागची हलली नाही. अहवालातली ओळ खोडायला संघटनेनं नकार दिला. फार हुज्जत घातल्यावर रोशनीचं पत्र अहवालाच्या त्या पानामागं टाचणीनं लावलं आणि वर पोच म्हणून शिक्का मारला.

राष्ट्रीय स्पर्धेनंतर एका पेपरचा बातमीदार घरी आला. “मनाच्या कमकुवतपणावर मात कशी केलीत?” त्यानं विचारलं.

“कमकुवतपणा नव्हताच,” रोशनी म्हणाली. “ऐन वेळी वजन बदलून वडिलांच्या रिटायर होण्याची भीती घालतात, त्याला काय म्हणतात ते लिहा.”

त्यानं मान डोलावली, सगळं लिहून घेतलं, चहा पिऊन गेला. तिसऱ्या दिवशी बातमी आली. मथळा होता: ‘मनाच्या कमकुवतपणावर विजय.’ खाली सचिवांचं म्हणणं छापलं होतं, की हे संघटनेच्या शिबिराचं फळ आहे.

सुशीलाबाई ड्युटीवर निघाल्या होत्या. चपला पायात तशाच ठेवून त्यांनी विचारलं, “आता?”

रोशनीनं पेपरवरचा नंबर शोधला, पेपरची कचेरी उघडायची वेळ पाहिली आणि मथळा दुरुस्त करून मागायला बरोबर दहाला फोन लावला.