सासऱ्यांची औषधं

आईच्या अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. धाकट्या भावाला कार्डिफच्या हॉस्पिटलमधून रजा मिळत नव्हती, म्हणून मी एकटीच निघाले. वर्षभर गोडधोड, समारंभ काही करायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. लंडनजवळ हाउन्सलोला माझ्या घरी निरोप द्यायला आला तेव्हा त्याने टेपने घट्ट बांधलेला एक डबा माझ्या बॅगेत ठेवला. "ताई, सासऱ्यांची औषधं आहेत. पुण्यात दे." आपल्याकडे कुणी जायला निघालं की असं काहीतरी बरोबर येतंच. मी विचारलं नाही.

विमानतळावर तपासणीच्या यंत्राने माझी बॅग आपोआप बाजूच्या पट्ट्यावर वळवली. अस्थींमुळेच, असं वाटून मी दहनाचा दाखला पुढे केला. अधिकारी बाई म्हणाल्या, अस्थींच्या लाकडी पेटीबद्दल काही हरकत नाही. यंत्राला त्या डब्यात स्फोटक असल्याची शंका आली आहे. त्यांनी टेप कापली. आत दाबून भरलेल्या बेसनाच्या वड्या होत्या आणि भावजयीने तिच्या आईवडिलांना लिहिलेली चिठ्ठी. 'रविवारी लेकीचा साखरपुडा करतोय. ताईंना काही बोलू नका.'

रविवारी मी गोदावरीवर असणार होते. तो दिवस भावानेच सुचवला होता.

बाईंनी वड्यांवरून कापडाची पट्टी फिरवली, यंत्रात घालून पाहिली आणि हसून डबा परत दिला. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, झालं का चेकिंग? औषधं नीट आहेत ना?"

"आहेत," मी म्हणाले, आणि आईची पेटी बॅगेतून काढून हातात घेतली.