प्लास्टिकचे एवढे?

काही छंदांचे किस्से जमवावे लागतात. आमच्या छंदाला ती गरज नाही. दुकानाच्या फळीवर एक रोबो ठेवायचा आणि गप्प बसायचं. किस्से आपल्या पायांनी चालत येतात आणि जाताना आपलं डोकं फिरवून जातात.

खालापूरला सरकारी कचेऱ्यांसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. राहतो पळसदरीला, वडिलांबरोबर. फावल्या वेळात जपानी रोबोचे किट जोडतो. म्हणजे खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात, त्यांना शेकडो बारीक भाग चिकटलेले असतात. ते कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि एकात एक बसवत जायचं. गोंद नाही, बॅटरी नाही. शेवटी वीतभर उंचीचा रोबो उभा राहतो. त्याचे कोपर, गुडघे, बोटंसुद्धा वाकतात. साधा किट दीड-दोन हजारांत मिळतो, प्रीमियम पंधरा हजारांना. मी प्रीमियम घेतला. तेव्हा पुढचं सगळं मी संतापाने सांगतोय, हे आधीच लक्षात घ्या.

या छंदातले आम्ही तिघं. कर्जतला रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान चालवणारे सलीमभाई, शाळेत शिकवणाऱ्या माधुरीताई आणि मी. दर रविवारी सकाळी सलीमभाईंच्या दुकानाच्या माळ्यावर बैठक असते.

*

सुरुवातीला मी तो प्रीमियम रोबो हौसेने दुकानात ठेवला होता. एक गृहस्थ प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला आले. त्यांची नजर फळीवर गेली.

"चालतो का?"

"नाही."

"लाईट लागते?"

"नाही."

"मग करतो काय?"

"उभा राहतो. हातपाय वाकतात."

"केवढ्याचा?"

मी सांगितलं. इथेच माझी चूक झाली.

"प्लास्टिकचे एवढे? आमचा जावय फुकट हुबा राहतो."

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो, धंद्याला बसलोय म्हणून. मग त्यांचा कागद हातात घेतला. शर्यतीच्या बैलाच्या खरेदीचं प्रतिज्ञापत्र होतं, किंमत साडेचार लाख. मी विचारलं, "शर्यतीत कितवा येतो?"

"आजून पळाला नाय," ते म्हणाले. "पन दिसतो कसा, ते बघा."

आणि मोबाईलवर फोटो दाखवला. बैल नुसता उभा होता. मी मुकाट्याने साडेचार लाख अक्षरी टाइप केले आणि त्या संध्याकाळी रोबो घरी नेला.

*

परक्यांचं सोडा. आमचे सलीमभाई स्वतः किट जोडतात, पण प्रीमियमचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू होतं. त्यांचं म्हणणं, साध्या किटमध्ये जे कमी पडतं ते सगळं त्यांच्या दुकानात मिळतं.

साध्या किटची एक खोड असते. महिना-दोन महिने हातपाय हलवले की सांधे सैल पडतात. प्रीमियमचे पडत नाहीत, असं कंपनी सांगते. सलीमभाईंचा रोबो कमरेतून असा सैल पडला की पंखा लावला की वाकून नमस्कार करायचा. दुसऱ्या रविवारी भाई विजयी चेहऱ्याने माळ्यावर आले. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप त्यांनी रोबोच्या प्रत्येक सांध्यात भरली होती.

"वीस रुपयांची टेप," भाई म्हणाले. "आणि तू पंधरा हजार घालून आलास."

मी रोबो हातात घेतला. गुडघा वाकवायला गेलो, तर हलेना. जोर लावला तर पाय मांडीतून उपटून हातात आला.

"वाकत नाही हा, भाई."

"पण गळतो का? नाही ना?"

माणूस वीस वर्षं नळ विकतोय.

*

माधुरीताईंचा रोबो प्रीमियमच, पांढराशुभ्र. तीन महिने खपून त्यांनी तो जोडला. दसऱ्याला घरात हत्यारांची पूजा होते. ताईंनी आपलं कटर, चिमटा आणि घासायचे कागद पाटावर मांडले. सासूबाईंना वाटलं, ज्याच्यासाठी ही हत्यारं तो एकटा कपाटात कशाला? त्यांनी रोबो आणून मधोमध ठेवला आणि भक्तिभावाने त्याच्या छातीला ओली हळद लावली.

हळद पांढऱ्या प्लास्टिकवर चढली ती चढलीच. साबण झाला, लिंबू झालं. शेवटी सलीमभाईंनी दुकानातलं थिनर लावून पाहिलं, तर हळद जागेवर राहिली आणि प्लास्टिकला तडा गेला. मी भयंकर चिडलो. ताईंना म्हटलं, पंधरा हजारांचं नुकसान झालंय, तुम्ही घरात काही बोलणार आहात की नाही?

ताई म्हणाल्या, "काय बोलू? त्या घरात माझ्या छंदाला हात जोडणाऱ्या एकट्या त्याच आहेत."

माझा राग तिथेच लटकत राहिला. अजून लटकतोय.

*

आता माझ्या घरचं. माझ्या वडिलांचे दोन्ही गुडघे गेलेत. डाव्याचं तर हाडाला हाड घासतं. दोन वर्षं डॉक्टर सांगतायत, सांधा बदला. मी सांगतोय, बहीण फोनवर रडून सांगतेय. बाबांचं उत्तर ठरलेलं. "लोखंड बसवून घ्याया मी काय दरवाजा हाय?"

यंदा भातलावणीला त्यांना चिखलात उतरता आलं नाही. बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. जन्मभर लावणीत सगळ्यांच्या पुढे असायचा तो माणूस, आणि खुर्चीवरून सांगत होता, रोप सरळ लावा रं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. रागही येत होता. औषध समोर असताना हा माणूस हट्टाने पांगळा होत चालला होता.

आणि असा माणूस माझ्या रोबोकडे बोट दाखवून रोज विचारायचा, "प्लास्टिकचे एवढे?"

*

एका दुपारी दुकान लवकर बंद करून घरी आलो, तर काचेच्या कपाटातला रोबो जागेवर नव्हता. जोडल्यापासून तो तिथे सावधान उभा होता. सांधे झिजतील म्हणून मी त्याला एकदाही वाकवला नव्हता. बाबा ओटीवर खुर्चीत होते. समोरच्या स्टुलावर रोबो उकिडवा बसला होता. टाचा टेकलेल्या, पाठ वाकलेली, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताची बोटं खाली, चिखलात रोप खोचावं तशी.

मी ओरडलो. वडिलांवर कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो. पंधरा हजारांचा आहे, खेळणं नाही, कुणी हात लावायला सांगितला होता?

बाबा शांतपणे म्हणाले, "वाकतो म्हनून एवढे दिलेस ना रं? मंग हुबा कशाला ठेवलास?"

सलीमभाईंना फोन करून सांगितलं, तर ते दुकानात गिऱ्हाईक असताना मोठ्याने हसले.

त्यानंतर रोज संध्याकाळी रोबो वेगळ्या बैठकीत. कधी मांडी घालायच्या खटपटीत, कधी विळा धरल्यासारखा, कधी एक गुडघा टेकून. बाबा त्याला उठवायचे, बसवायचे, पुन्हा उठवायचे, आणि कान जवळ नेऊन सांधा ऐकायचे. मी आतून धुमसत होतो. महिनाभराने त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"बघ. सैल नाय पडला."

खरंच पडला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "डॉक्टरची येळ घे."

*

डॉक्टरांच्या टेबलावर गुडघ्याचे दोन नमुने होते. एक साधा, एक भारी. बाबांनी दोन्ही हातात घेतले, वाकवले, सरळ केले, पुन्हा वाकवले, कानाशी नेले.

"चिखलात उकिडवा बसंन का?"

"ते नाही जमणार," डॉक्टर म्हणाले. "पण बांध चढाल, उतराल, शेतात फिराल. दोन्हींत तेवढं होईल. या भारीतला जास्त वाकतो आणि जास्त वर्षं टिकतो."

"का टिकतो?"

डॉक्टरांनी दोन धातूंच्या मधली पांढरी चकती दाखवली. "हे प्लास्टिक. यातलं लवकर झिजत नाही. सगळा फरक याचाच आहे."

"केवढ्याचा फरक?" मी विचारलं.

डॉक्टरांनी आकडा सांगितला. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्लास्टिकचे एवढे?"

बाबांनी भारीतला गुडघा सावकाश टेबलावर उभा ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरांकडे वळले.

"ह्याला जरा भाईर बसवा," ते म्हणाले. "तुमी बोला."