पाटलांची विहीर

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला ओठाला लागला, की द्राक्षरसाच्या आधी मला पेडगावच्या विहिरीतल्या ओल्या दगडांचा वास येतो. निजामाचं राज्य होतं. गावचे पाटील आणि महारवाड्यातली माझी आई, दोघांनी एकाच सकाळी नदीच्या एकाच डोहात बाप्तिस्मा घेतला. येताना आईला तहान लागली. पाटलांनी आपल्या विहिरीचं पाणी तिच्या ओंजळीत वरूनच ओतलं. दोघांचेही केस अजून ओले होते.

आईनं पाद्र्यांना विचारलं, "सायेब, शुभवर्तमानात पाणी येतं का न्हाई?"

"आधी आत्म्याचं तारण, बाई. बाकीचं मागाहून."

मला तेव्हा ते देवाचंच बोलणं वाटलं. आई जन्मभर वाट बघत राहिली. पुरलं तिला, तेही पाटलांच्या कबरीपासून लांब, कबरस्तानाच्या कुंपणाच्या कडेला.