सकाळी सहाचा फोन

माझी आत्या दोन महिने रोज सांगत होती की तिच्या छातीत गाठ आहे.

मी रोज आमेन म्हणत होतो.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. ही गोष्ट मी घरातही कोणाला नीट सांगितलेली नाही. इथे लिहितो आहे.

सुमन आत्या पाटणकर बाजारामागे एकटी राहायची. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. आम्ही त्याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला, मुरारला. स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटं.

माझे आई-वडील गेल्यावर तिने नियमच केला. रोज सकाळी सहाला फोन, दहा मिनिटं प्रार्थना. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

"उठलास का रे विनू? चल, डोळे मीट."

तिची एक वही होती, नावांची. शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक नाव घेऊन ती देवाशी बोलायची. शेजारच्या शुक्ला भाभींचे गुडघे. कोणाच्या मुलाची नोकरी. तीच नावं, तीच मागणी.

एकदा मी म्हणालो, "आत्या, देवाला एकदा सांगितलं की पुरे ना? रोज-रोज काय?"

"तुझ्या रूथने सायकल एकदाच मागितली होती का? वर्षभर तुझं डोकं खाल्लं पोरीने. शेजाऱ्यांकडे गेली का मागायला? बाप आपला आहे, म्हणून त्याच्याच मागे लागायचं."

मी हसलो.

काही दिवसांनी फोन स्पीकरवर टाकून दाढी करायला लागलो.

चाल पाठ झाली होती. "येशूच्या नावाने मागते" आलं की आमेन. लक्ष नसलं तर रूथ बाहेरून ओरडायची, "पप्पा, आमेन का टाइम हो गया!"

घरात सगळे हसायचे. मीसुद्धा.

मग एका सकाळी सहाला फोन आला नाही. साडेसहाला शुक्ला भाभींचा आला. "भैया, दीदी गिर गई हैं. जल्दी आइए."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मलाच विचारलं, इतके दिवस काय करत होतात?

मी आत्यावर चिडलो. पलंगावर पडलेल्या माणसावर.

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं की. यादीच्या शेवटी, रोज. प्रभू, गाठ आहे, भीती वाटते. मला डॉक्टरकडे न्यायला विनूला सवड दे. तू आमेन म्हणालास."

मी स्टूल ओढून पलंगाशी बसलो.

"नळ चालू असायचा रे. ऐकू यायचा मला."

"मग ओरडायचं ना माझ्यावर!"

"वाटायचं, एखाद्या दिवशी बंद करशील."

त्यानंतर ती चाळीस दिवस होती. रोज सहाला मी तिच्या पलंगाशी बसून प्रार्थना करायचो. शब्द सुचायचे नाहीत. मध्येच थांबायचो.

"असू दे," ती म्हणायची. "उद्या परत."

माती दिल्यावर तिच्या घरी वही सापडली. जे मागणं पूर्ण झालं, त्यापुढे लाल पेनने टिक.

पहिल्या पानावर पहिलं नाव माझं. पुढे लिहिलेलं, "प्रार्थनेत मन लागो."

टिक नव्हती.

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तरी ती रोज फोन करत राहिली.

आता वही माझ्याकडे आहे. सहाला बसतो. कधी मन लागतं, बरेचदा ऑफिसात फिरून येतं. शुक्ला भाभींचे गुडघे अजून तसेच आहेत. त्यांचं नाव रोज घेतो.

माझ्या नावापुढे टिक करायची हिंमत झालेली नाही.

पण आत्या, नळ बंद असतो.

सलाम.