बोटभर तांबडा थर

आमच्या भूगर्भशास्त्र विभागातले चार जण एकत्र आले की चहा हमखास थंड होतो. एकानं किस्सा काढला की दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही!" बहुतेक किस्से मोहिते सरांचे. सर स्वतः हजर असले तर तिखटमीठ जरा बेतानं, एवढंच!

सर पलूसचे. वर्गात शुद्ध बोलायचे, पण रंगात आले की गावचं बोलणं बाहेर पडायचं. ते फळ्यावर हिमाचलातल्या स्पितीच्या खडकांचे थर काढायचे आणि मधोमध तांबड्या खडूनं एक पट्टा ओढायचे. "हा थर बोटभर जाडीचा. याच्या खालचे बहुतेक जीव याच्या वर सापडत नाहीत. जगातलं एवढं मोठं मरण, आणि जागा किती? बोटभर!"

एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही बघितलाय तो थर?"

सर खडू झटकत म्हणाले, "न्हाई रं. बघायचाय."

* * *

बघायला जायचं तर कॉलेजची परवानगी हवी. प्राचार्यांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "मोहिते, सह्याद्रीतले दगड संपले का?"

"न्हाईत संपले," सर म्हणाले, "पण सगळे एकाच वाणाचे!"

परवानगी मिळाली. त्या वर्षी दरड कोसळून रस्ता बंद झाला, तो भाग वेगळा.

* * *

पुढं आमच्या बॅचची टूर स्पितीला निघाली. आम्ही साताऱ्या-सांगलीची पोरं. जन्मभर सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टशिवाय दुसरा खडक पाहिलेला नाही! वाटेत काळा खडक दिसताच फलटणचा सागर जीपमधून उडी मारून ओरडला, "सर, बेसॉल्ट!" त्यानं तुकडा उचलला, तर हातातच पापडासारखा मोडला. चिखलाचा थर दाबून झालेला तो शेल होता.

"गड्या," सर म्हणाले, "बेसॉल्ट असा पापडावाणी मोडत असता तर तुझ्या बापानं एका दिवसात हीर खणली असती!"

* * *

त्याच टूरमध्ये माझी वाट लागली. मी आटपाडीचा. उन्हाची सवय, उंचीची नाही. डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, आणि धाप काही थांबेना. समोरच्या उतारावर काळा खडक संपून राखाडी सुरू होत होता ती रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसत होती; तांबडा थर तिथंच. तासाभराची चढण होती फक्त. ड्रायव्हर म्हणाला, "याला इथं झोपवू, तुम्ही बघून या."

सरांनी एकदा उताराकडं पाहिलं आणि एकदा माझ्याकडं. "दगड पंचवीस कोटी वर्षं थांबलाय, अजून थांबंल. पोरगं थांबायचं न्हाई. जीप वळव!"

खाली उतरेपर्यंत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. माझ्या आईचा फोन आला तेव्हा सरांनी तिला सांगितलं, "आवं, झकास हाय! जरा जास्त जेवलाय."

खरं काय ते आईला नंतर कळलं. डाळिंबांची पेटी घेऊन ती थेट विभागात आली आणि सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "माज्या पोरापायी तुमचा कुठला दगुड बघायचा ऱ्हायला म्हनं. आमच्या रानातलं न्या की, लय हायती!"

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला मात्र हसू आलं नाही. पुढं मी त्याच विभागात शिकवायला लागलो, पण फळ्यावर तो तांबडा पट्टा ओढताना दर वेळी वाटायचं, या माणसाचं बघायचं माझ्यामुळं राहिलं. मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळं, आणि त्यांना परत देण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

* * *

यंदा सर निवृत्त झाले. निरोप समारंभात आम्ही शाल-नारळाऐवजी त्यांना स्पितीचं तिकीट दिलं. सर गुडघा चोळत म्हणाले, "ह्यो गुडघा आता काय ऐकायचा न्हाई रं." पण ते आले, आणि बरोबर मी आणि यंदाच्या वर्गातली पोरं.

वरच्या चौकीवरचा जवान आमची कागदं बघून एकदम मराठीत बोलला. आमच्याच भागातला निघाला! त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "इथं रोज दगडं अंगावर येत्यात, आन् तुमी ती बघाया आलाय व्हय?" निघताना मात्र स्वतःची लोकरी टोपी काढून त्यानं सरांच्या डोक्यावर घातली.

* * *

शेवटची चढण सरांनी दर वळणाला बसत काढली. पोरं पुढं पळत नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. खाली काळा शेल, वर राखाडी चुनखडी आणि मधे तो गंजलेला, बोटभर थर. सर समोर उभे राहिले. वारा एवढा होता की टोपी हातानं धरावी लागत होती.

मी बाजूला सरकलो. म्हणालो, "सर, लावा हात."

सरांनी हात पुढं केला आणि माझं मनगट धरलं.

"आधी तू लाव, संत्या. त्या वक्ताला तुजं बघायचं ऱ्हायलं हुतं."