अर्धा पेढा

आनंदाची बातमी घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा एका प्रश्नात उतरवायची कला आमच्या फुलपाड्याच्या बिल्डिंगमध्ये एकाच व्यक्तीला अवगत होती. कुणी पेढ्यांचा बॉक्स पुढे करून म्हणालं, "मावशी, पोराला स्कॉलरशिप मिळाली," की तिचा प्रश्न ठरलेला. "अटी वाचल्यात?" पेढा ती घ्यायचीच नाही. "पैसे खात्यात आले? नाही ना? मग पेढा कसला?" त्यामुळे सगळे तिला अटमावशी म्हणत. तोंडावरसुद्धा. तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

ती मूळची गास गावची, केळीच्या वाडीत वाढलेली. नोकरी मात्र मुंबईच्या एका कॉलेजच्या ऑफिसात, शिष्यवृत्तीच्या टेबलावर. निवृत्तीनंतर आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आली आणि टेबल जणू सोबत घेऊन आली. आयुष्यभर तिनं हुशार पोरं पाहिली, त्यांची खरीखुरी गरज पाहिली आणि क्षुल्लक कारणानं परत आलेले अर्ज पाहिले. त्यामुळे जगावर तिचा विश्वास बेताचाच होता.

कुठलाही कागद ती खालून वाचायची. "कुणाला मिळणार ते वर ठळक लिहितात. कुणाला नाही मिळणार ते खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. आपण आधी मुंग्या बघायच्या." लग्नाची पत्रिकाही ती 'आहेर आणू नये' पासून सुरू करायची आणि मग वर सरकत नवरानवरीपर्यंत पोचायची.

मी बारावी झाले तेव्हा पप्पांनी घरात स्वच्छ सांगितलं होतं, "सरकारी फी-सवलत मिळाली तर इंजिनिअरिंग. नाहीतर बीएस्सी. मला तोंडघशी पाडू नका." सरकारी प्रवेशयादीत मला पालघरच्या पुढचं एक कॉलेज लागलं. नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. जागा पक्की करायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

नेमका यादी लागली त्याच संध्याकाळी आमच्या विभागातले पुढारी अण्णा यांनी गुणवंतांचा सत्कार ठेवला होता. गुणवंत स्टेजच्या कडेला, मधोमध अण्णा आणि त्यांच्या मागे अण्णांचाच फोटो. मला शाल देता देता त्यांनी माइक ओढला. "साळव्यांची पोरगी एवढ्या लांब जाणार नाही! जवळच्या कॉलेजात मी शब्द टाकलाय. जागा झाली!" टाळ्या पडल्या. पप्पांनी स्टेजखालून हात जोडले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"अण्णा, जागा कुठल्या कोट्यातली?"

अण्णा हसले. "मावशी, आपल्या घरातलाच कोटा समजा."

मावशी हसली नाही. घरी येताना जिन्यातच तिनं पप्पांना धरलं. "साळवी, शब्द टाकून मिळते ती संस्थेच्या कोट्यातली जागा. ती घेतली, तर हिची सवलत गेली. सवलत सरकारी यादीतल्या प्रवेशालाच मिळते. अट आहे. अगदी खाली."

पप्पा पायरीवरच बसले. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि आमच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर अण्णांच्या एका फोनवर यायचा. "मावशी, मी चारचौघांत हात जोडलेत. आता नाही म्हणू? उद्या टँकर आला नाही तर बिल्डिंग मला कच्चा खाईल."

"आणि हो म्हणालात तर फी कुठून भरणार?"

आईनं त्या रात्री भातात मीठ दोनदा घातलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सकाळी मावशी पप्पांसोबत अण्णांच्या ऑफिसात गेली. मीही होते. माझ्या हातात कागदांची फाइल होती. कॉलेज गाठायला एसटीनं किती वेळ लागेल, हाच हिशेब डोक्यात. मावशी नियमांचं पुस्तक वाचून दाखवणार आणि आम्ही पाण्याला मुकणार, अशी माझी खात्री होती. पण ती खुर्चीत नीट बसली आणि म्हणाली, "अण्णा, तुमची ती जागा एखाद्या पैसेवाल्याच्या पोराला द्या, तो जन्मभर तुमचं नाव घेईल. हिला सरकारी यादीत नंबर लागलाय, तोही तुमच्याच आशीर्वादानं. तसा बॅनर लावा की नाक्यावर."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "फोटो आहे पोरीचा?"

बाहेर आल्यावर मी कुरकुरले, "त्यांचा कसला आशीर्वाद, मावशी?"

"घे गं पोरी. आशीर्वादाला अट नसते, म्हणून तर फुकट वाटतात. चल, पाचाच्या आत पोचायचंय."

पाचाच्या आत जागा पक्की झाली. पुढचा आठवडाभर नाक्यावर माझा चेहरा झळकत होता, अण्णांच्या कोपराएवढा.

भीती मात्र तिथे संपली नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधारला जोडलेलं खातं, सगळं मावशीनं दोनदा तपासलं. सवलतीचा अर्ज भरला आणि पुढचे कित्येक महिने तो 'तपासणीत' राहिला. पप्पा जेवताना ताटाकडे बघत विचारायचे, "काय दाखवतंय?" मी "तेच" म्हणायचे. मी मावशीला जिन्यात गाठून विचारलं, "नामंजूर झाला तर?" तर ती म्हणायची, "तर कारण लिहिलेलं असेल. ते वाचू." धीराचं एवढंच बोलणं तिला येत असे.

शेवटी सवलतीचा पहिला हप्ता खात्यात आला. मी बॉक्स घेऊन खाली धावले. मावशीनं आधी मोबाइलवरचा बँकेचा मेसेज वाचला, खालून वर. मग पेढा उचलला, मोडला आणि अर्धा मला परत दिला.

"दुसरा हप्ता यायचाय."

तो यायच्या आधी मावशी गेली. चार दिवस ताप, मग दवाखाना, आणि मग नाहीच. अण्णांनी तिचाही बॅनर लावला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'मध्येही अण्णांचा फोटो तिच्याहून मोठा होता. तिनं तो खालून वाचला असता.

दुसरा हप्ता परीक्षा संपल्यावर आला. पप्पांनी पेढे आणले, आईनं देवापुढे ठेवले आणि बॉक्स टेबलावर तसाच राहिला. पहिला कुणाला द्यायचा, ते कुणालाच सुचेना. मग पप्पांनी एक पेढा उचलला, मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षीच्या अटी वाचल्यास?"

"वाचल्या," मी म्हटलं. "खालून."